आमचे वजन आणि विजेची सायकल

मराठीत 'वजन' हा शब्द बहुधा मानानेच वावरतो. एखाद्याच्या शब्दाला वजन असते, कचेरीत काम अडले की ज्याचे तेथे वजन असेल त्याला सोबत न्यावे लागते, आणि 'वजनदार असामी' म्हणवून घ्यायला सहसा कुणाची हरकत नसते. हाच शब्द किलोग्रॅमची सोबत घेऊन आला की मात्र त्याचा सारा मान उतरतो. आम्ही पहिल्या अर्थाने कधीच वजनदार नव्हतो. दुसऱ्या अर्थाने गेली वीस वर्षे पुरेपूर आहोत. या दुसऱ्या अर्थाशी आमचे जे काही भांडण होते, ते अखेर एका सायकलीच्या मागच्या चाकात कसे मिटले, त्याची ही हकीकत.

दोन वर्षांपूर्वी रक्तातील साखरेचा आकडा पाहून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चालायला जावे तर गुडघे ऐकत नव्हते. तेव्हा त्यांनीच सुचवले, की चालताना शरीराचा सगळा भार गुडघ्यांवर येतो, सायकलवर तो बव्हंशी बैठकीवर राहतो. तुम्ही सायकल का चालवत नाही? आम्ही राहतो नवीन पनवेलला, आणि कामाची जागा जुन्या पनवेलीत. मध्ये रेल्वेचे रूळ आणि त्यांवरून जाणारा उड्डाणपूल. अंतर तसे किरकोळ, पण पुलाचा चढ आमच्या छातीला किरकोळ नव्हता. धाप लागून पुलाच्या माथ्यावर, मागून बसचा भोंगा वाजत असताना, उतरावे लागणे ही कल्पनाच सहन होईना. त्यातून विजेच्या सायकलीचा विचार पुढे आला: पाय आपण मारायचे आणि जिथे पाय अपुरे पडतील तिथे मोटरीने हात द्यायचा.

दुकानात गेलो. विक्रेता तरुण होता, बोलण्यात अदब होती. मोटर, बॅटरी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, सगळे त्याने नीट सांगितले. मग आमच्याकडे एक ओझरती नजर टाकून, बहुधा आम्हाला संकोच वाटू नये म्हणूनच, तो म्हणाला, "सर, वजन पंच्याऐंशी धरू?"

"धरा," आम्ही म्हणालो.

त्या दिवशी आमचे वजन १०४ किलो होते. म्हणजे तसे ते असावे, कारण घरातल्या काट्याची बॅटरी संपून दीड वर्ष झाले होते आणि ती आणण्याची जबाबदारी आमच्याकडे होती. आपण खोटे बोललो असे आम्हाला त्या वेळी वाटलेही नाही. शाळेतल्या कवायतीत शेवटच्या रांगेत उभे राहण्यापासून ते शेअर रिक्षात आम्ही वाकून आत शिरताच आधी बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहण्यापर्यंत, आयुष्यभर जी एक गोष्ट टाळत आलो, ती आणखी एकदा टाळली, इतकेच. सायकलीच्या माहितीपत्रकावर 'कमाल भार १०० किलो' असे छापले होते. ते आम्ही वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

वजनाचा आणि विजेच्या सायकलीचा नेमका संबंध काय, हे आम्हाला नंतर, नुकसान सोसून कळले. ते येथे आधीच मांडतो, म्हणजे वाचकांना तरी तो क्रम पाळावा लागणार नाही.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद आहे, की जिची मोटर २५० वॅटच्या आत आहे, जिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि बॅटरी वगळता जिचे स्वतःचे वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, अशी गाडी मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. सोय उत्तम आहे. पण याचा अर्थ असा, की पन्नास किलोच्या मुलीला आणि शंभर किलोच्या गृहस्थाला मोटर तेवढीच मिळते. नियम गाडीचे वजन पाहतो. तिच्यावर कोण बसणार, हे विचारणे त्याच्या कक्षेत येत नाही.

आता सपाट रस्ता घ्या. आम्ही १०४, सायकल २४, आणि डबा, कुलूप, पाण्याची बाटली, शिरस्त्राण मिळून ६, असे एकूण १३४ किलो. आमचा भाचा ६२ किलोचा. त्याच सायकलीवर त्याचे सामानासह ९० किलो होतात. सपाटीवर ताशी २० किलोमीटरने जायचे तर ढोबळ हिशेबाने आम्हाला सुमारे १३५ वॅट लागतात, त्याला ११०. फरक आहे, पण फार नाही. कारण सपाटीवर निम्मी झुंज हवेशी असते, आणि हवा वजन विचारत नाही. हाच रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढू लागला आणि वेग ताशी १२ वर आणला, तर भाच्याला १९० वॅट पुरतात, आम्हाला २७५ लागतात. म्हणजे भाच्याला मोटर एकटी ओढून नेऊ शकते. आम्हाला मोटरीची सगळी ताकद खर्ची घालूनही वर पायांनी भर घालावी लागते. तसे न करता नुसते बसून राहिले तर वेग पडतो, मोटर मंद फिरत राहते, तापते, आणि बॅटरीतली वीज चढण्यापेक्षा तापण्यातच अधिक जाते. माहितीपत्रकावरचे 'एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर' हे आश्वासन असते भाच्यासाठी, सपाटीवर आणि अनुकूल दिवशी.

उताराचे गणित याच्या उलट आणि अधिक गंभीर. थांबवायचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. त्याच वेगात आमची सायकल थांबवायला ब्रेकला भाच्याच्या दीडपट काम करावे लागते. पुलावरून उतरताना पुढे अचानक रिक्षा थांबली, तर हा दीडपटीचा हिशेब कागदावर राहत नाही.

असो. तर पंच्याऐंशी किलोचे म्हणून घेतलेल्या सायकलीवरून आम्ही दोन महिने आनंदाने फिरलो. पूल चढताना पाय मारले की मोटर खालून हलकेच उचलून धरते, ती जाणीव फार सुखाची होती. सकाळी वडाळे तळ्याला फेरी मारून कामावर जाऊ लागलो. दरम्यान मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. दुकानात नेला, 'खड्ड्यात गेली असेल' असे निदान झाले आणि पनवेलच्या रस्त्यांवर ते निदान नाकारण्याची सोय नव्हती. तीन आठवड्यांनी दुसरा तुटला. तोही खड्ड्याच्या नावावर जमा केला.

मग एका रविवारी आम्हाला कर्नाळ्याला जाण्याची बुद्धी झाली. पहाटे निघालो, पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली ज्या गावात जन्मले ते शिरढोण मागे पडले, आणि समोर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका उजळू लागला. खिंडीचा चढ सुरू होताच मोटरीचा आवाज बदलला. आम्ही पाय मारत राहिलो. जाताना काही झाले नाही. परतताना उतारावर, मागून एक ट्रेलर येत असताना, 'टण्ण' असा आवाज झाला, लगेच दुसरा, आणि मागचे चाक डावी-उजवीकडे वळवळू लागले. ब्रेक दाबला तो रिमला एकाच बाजूने लागला. सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत गेली आणि आम्ही तिच्यासह आडवे झालो. ट्रेलर शेजारून निघून गेला. त्याच्या वाऱ्याने अंगावर आलेली धूळ अजून आठवते. कोपर आणि गुडघा सोलवटला, याहून अधिक काही झाले नाही. पण त्या खडीत बसल्या बसल्या सर्वप्रथम जे मनात आले ते 'वाचलो' हे नव्हते. 'पंच्याऐंशी' हे होते.

घरी पत्नीने जखमेला औषध लावताना एकच प्रश्न विचारला, "अहो, दुकानात वजन खरं सांगितलं होतंत ना?" आम्ही औषध फार झोंबत असल्याचे दाखवले.

या वेळी सायकल दुकानात न नेता जुन्या पनवेलीतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवले, तारांवरून वीणेवरून फिरवावे तसे बोट फिरवले, आणि म्हणाले, "आउट तर काढून देईन साहेब, पण पुन्हा तुटणार. वजन किती तुमचं?"

आम्ही नेहमीप्रमाणे हसून, "असेल आता..." असे काहीतरी सुरू केले. त्यांनी मान वर केली.

"लाजू नका. मला चाक बांधायचंय, तुमचं लग्न नाही जमवायचं."

"एकशे चार," आम्ही म्हणालो. पत्नी आणि डॉक्टर वगळता हा आकडा आम्ही प्रथमच कुणाला सांगत होतो. मिस्त्रींनी तो ऐकला आणि दुकानाच्या फळीवर खडूने १०४ लिहिले. शेजारी आधीच कुणाच्या तरी ट्यूबचा नंबर आणि चहाचा हिशेब लिहिलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, थट्टा नव्हती, उपदेश तर नव्हताच. तो त्यांच्या कामाचा आकडा होता. आमच्या देहाबद्दल इतक्या निर्विकारपणे, आणि म्हणूनच इतक्या आदराने, कुणी बोलल्याचे आम्हाला आठवत नाही.

मग त्यांनी आम्हाला चाक समजावले. बैलगाडीचे लाकडी चाक आणि सायकलचे चाक दिसायला भावंडे, पण वागायला अगदी उलट. गाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. आरे दाबले जातात आणि लाकूड ते सोसते. सायकलीची तार दाबली तर वाकेल, म्हणून ती आधीच दोन्ही टोकांना ओढून ताणलेली असते. चाक टेकते तेथल्या तारांचा ताण भाराने क्षणभर सैल होतो आणि चाक पुढे फिरताच पुन्हा पूर्ववत होतो. सव्वीस इंची चाक किलोमीटरभर जायला सुमारे ४८० फेरे घेते. म्हणजे प्रत्येक तार एका किलोमीटरमध्ये ४८० वेळा सैल होऊन ताणली जाते. भार जितका जास्त तितका हा हेलकावा मोठा. एखादी पट्टी पुन्हा पुन्हा वाकवल्यावर मोडते तशी तार अखेर थकून तुटते, आणि बहुधा तुंब्याजवळच्या वाकणात तुटते. खड्डा हे निमित्त. आमच्या सायकलीत मोटरही मागच्याच चाकात होती. म्हणजे मोटरीचा ओढा त्या तारांवर आणि आमच्या देहाचा अर्ध्याहून बराच अधिक भारही त्यांच्यावरच.

"ती जुनी काळी सायकल आठवते?" मिस्त्री म्हणाले. "तिच्या पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्यात चाळीस. बनवणाऱ्याला ठाऊक होतं, मागे बायको बसणार, नाहीतर तांदळाचं पोतं."

आम्हाला आठवत होती. वडिलांच्या सायकलीच्या दांडीवर आम्ही आणि कॅरियरवर दळणाचा डबा अशी ती वरात कितीदा निघाली असेल. त्या सायकलीने कधी कुणाला वजन विचारले नाही, कारण बनवतानाच ते विचारून झालेले होते.

पनवेल आणि चाक यांचे नाते जुने आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत येथल्या गाडीच्या चाकांच्या धंद्याची नोंद आहे. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० साली. मुंबईहून होडीने खाडीतून पनवेल बंदराला यायचे आणि पुढे घाट चढून पुण्याला जायचे, असा तेव्हाचा प्रवास. बंदरात उतरलेला माल घाटापर्यंत आणि घाटावर पोचवायचा तर चाके लागणारच. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि ती पनवेलला वगळून कर्जतवरून गेली. तरी आसपासच्या गावांना गाड्या लागतच राहिल्या. मिस्त्रींच्या दुकानातून परतताना आमच्या मनात आले, की तुंबा, आरे आणि धाव यांचा मेळ बसवणाऱ्या त्या काळच्या सुतारालाही पहिला प्रश्न हाच विचारावा लागत असणार: गाडीत काय भरणार? मीठ, भात की दगड? त्याला खोटे सांगणाऱ्या गाडीवानाची गाडी घाटात मोडली असती, आणि दोष चाकाला देऊन भागले नसते.

ती पहिली सायकल आम्ही भाच्याला दिली. मिस्त्रींनी चाक नव्याने बांधल्यावर ती त्याच्याकडे विनातक्रार चालली आहे. ती वाईट नव्हतीच. तिला ज्याच्यासाठी बनवले होते तो माणूस आम्ही नव्हतो.

दुसरी घेण्याआधी आम्ही ओळखीच्या धान्याच्या दुकानात गेलो आणि पोती तोलायच्या काट्यावर उभे राहिलो. एकट्याने नव्हे, तर बूट, शिरस्त्राण, डबा आणि कामावरची पिशवी यांसह. ११० किलो. गिऱ्हाइके बघत होती. एका आजींनी "साखर घेतलीस की काय रे?" असे विचारले, त्यावर आम्हीही हसलो. मग ११० हा आकडा कागदावर लिहून दुकान गाठले, दुसरे दुकान, आणि पहिल्याच वाक्यात तो सांगितला.

त्यानंतर सगळेच प्रश्न वेगळे झाले. कमाल भार म्हणजे नुसत्या माणसाचा, की सामानासह, की सायकलही धरून? काही कंपन्या एक लिहितात, काही दुसरे. एका सायकलीवर १६० होते, पण ते तिच्या स्वतःच्या २७ किलोंसह. १३३ उरतात, आमचे ११० त्यात बसतात आणि २३ शिल्लक राहतात. परतताना घ्यायच्या भाजीला आणि पनवेलच्या खड्ड्यांना एवढी शिल्लक हवीच. तारा जाड आहेत का? साधी तार दोन मिलिमीटरची असते. क्रमांक १४ वरून १३ वर आला की तार जाड होते, हा उलटा हिशेब मिस्त्रींनी शिकवलाच होता. टायर रुंद आहेत का, आणि त्यांत किती हवा भरायची? ब्रेक चकतीचे आहेत का? चढासाठी मागे पुरेसे गिअर आहेत का, म्हणजे मोटर दमेल तेव्हा पायांना हलके पडेल?

आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. जड माणसाला पेलणारी सायकल स्वतः जड असते. आमची वसाहत सिडकोच्या जुन्या बांधणीची. मजले चार, उद्वाहन नाही, आम्ही तिसऱ्यावर. २७ किलो म्हणजे भरलेल्या गॅसच्या टाकीपेक्षा थोडेसेच कमी. टाकी खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या माणसाकडे आम्ही त्या आठवड्यात फार वेगळ्या नजरेने पाहिले. हलकी सायकल घ्यावी तर ती आम्हाला पेलणार नाही. भक्कम घ्यावी तर आम्ही तिला पेलणार नाही.

मार्ग बॅटरीने काढला. पूर्वीच्या शिशाच्या बॅटऱ्यांचे दिवस असते तर प्रश्नच मिटला होता, म्हणजे आमच्या विरुद्ध मिटला होता. ३६० वॅट-तासांची शिशाची बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते. तेवढीच वीज साठवणारी लिथियमची बॅटरी अडीच-तीन किलोंत येते, आणि किल्ली फिरवून सायकलीपासून वेगळी काढता येते. सायकल खाली साखळीने बांधायची आणि बॅटरी तेवढी वर न्यायची, असे ठरले. खालच्या जागेसाठी मात्र सोसायटीच्या सभेत अर्ज करावा लागला. तेथे आमच्या शब्दाला फारसे वजन नसल्याचे पुन्हा सिद्ध झाले, तरी जिन्याखालचा एक कोपरा मिळाला.

या सायकलीला आता चौदा महिने झाले. स्पोक एकही तुटलेला नाही. आमचे वजन ९९ वर आले आहे. त्याबद्दल फुशारकी मारावी असे ते नाही, पण साखरेचा आकडा पाहताना डॉक्टर चष्मा डोळ्यांवरच ठेवतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धान्याच्या काट्यावर उभे राहतो, आणि तो आकडा घरच्या कॅलेंडरवर लिहितो, जेथे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो.

गेल्या पावसाळ्यात हवा भरायला मिस्त्रींकडे थांबलो होतो. एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची, अंगाने चांगली भरलेली, विजेच्या सायकलीचे मागचे चाक घेऊन आली. दोन तारा तुटल्या होत्या. मिस्त्रींनी चाक फिरवले, तारांवरून बोट फिरवले आणि तोच प्रश्न विचारला. मुलीने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे, आणि खाली बघून म्हणाली, "असेल साधारण..."

आम्ही पंप खाली ठेवला आणि पाऊस किती राहिला आहे ते पाहायला दुकानाबाहेर गेलो. पाऊस चांगलाच होता. जरा वेळाने आतून फळीवर खडू घासल्याचा आवाज आला, तेव्हा परत आत आलो.